दाढी कोरण्यासाठी वस्तरा: निवड पात्याच्या नाकापासून सुरू करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही भरगच्च दाढी ठेवता, पण ट्रिमरने गालावरची आणि गळ्यावरची रेघ कितीही जपून काढली तरी दुसऱ्या दिवशी ती पुसट दिसते, म्हणून तुम्हाला वस्तरा घ्यायचा आहे. ७/८ इंच रुंदीचा, चौकोनी टोकाचा एक देखणा वस्तरा तुमच्या मनात भरला आहे. ब्लेड बदलता येणाऱ्या वस्तऱ्याला खरा वस्तरा म्हणावे का, अशी शंका तुम्ही विचारली आहे. गळ्यावरचे केस कुरळे असल्यामुळे तिथे पूर्वी पुटकुळ्या आल्या होत्या, हेही तुम्ही जाता जाता लिहिले आहे. शेवटची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली असली तरी निवडीच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे मी नंतर येतो.

ट्रिमरबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. ट्रिमरचे स्थिर दाते त्वचेवर टेकतात आणि त्यांच्या जाडीएवढा खुंट मागे राहतोच. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे आधीच राहिलेल्या खुंटात एका रात्रीची वाढ मिळाली की रेघेच्या बाहेर सावली दिसू लागते. वस्तरा केस त्वचेच्या पातळीवर कापत असल्यामुळे ती सावली एखाद-दोन दिवस उशिरा पडते. वस्तऱ्याकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच. आठवडाभर टिकणारी रेघ कोणत्याही पात्याने निघत नाही.

मी गेली बावीस वर्षे दाढ्या कोरत आलो आहे आणि वस्तरा निवडताना होणारी सर्वात मोठी गफलत मला हीच दिसते, की लोक पूर्ण दाढी करणाऱ्यांचे सल्ले वाचून कोरण्याचा वस्तरा घेतात. ही दोन कामे वेगळी आहेत. पूर्ण दाढी करताना टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या टोकापासून, नाकापर्यंत पात्याची सगळी धार राबते, वजन हाताला मदत करते आणि रुंद पाते फेस वाहून नेते. कोरताना मात्र पुढचा एक-दीड सेंटिमीटरच काम करतो आणि उरलेले पाते बहुतेक वेळ नजरेच्या आड येण्याचेच काम करते. म्हणून माझ्या मते कोरण्याच्या वस्तऱ्याची पारख पात्याच्या नाकापासून सुरू व्हावी, त्यानंतर रुंदी पाहावी, आणि पोलाद, मूठ, कोरीवकाम वगैरे गोष्टी त्यांच्या मागून याव्यात.

नाक म्हणजे पात्याचे पुढचे टोक. गोल नाकाच्या पात्यात धार पुढे जाऊन हळूच वर वळते. हे नाक चुका पोटात घालते, म्हणून नवशिक्याला सहसा तेच सुचवले जाते. पण कोरताना त्याची अडचण अशी, की धार नेमकी कुठे संपते ते वरून पाहणाऱ्याला कळत नाही. तुम्हाला वाटते पाते रेघेवर टेकले आहे, आणि प्रत्यक्षात कापणारा भाग दोन मिलिमीटर मागे असतो. चौकोनी नाकात धार सरळ शेवटपर्यंत जाते आणि काटकोनात थांबते. जिथे कोपरा तिथेच काप, त्यामुळे मिशीचा खालचा काठ, ओठाखालचा झुपका, कल्ल्याचा कोपरा अशा जागी एकेक केस वेगळा काढता येतो. मात्र तोच कोपरा त्वचेत सुईसारखा शिरतो. तिसरा प्रकार फ्रेंच नाकाचा: पाठीकडून उतरती कमान आणि खाली धारेशी अणकुचीदार टोक. वरची गोलाई पाहून पुष्कळ जण त्याला सौम्य समजतात, पण ज्या ठिकाणी ते त्वचेला लागते तिथे ते चौकोनी नाकाइतकेच तिखट असते. पात्याच्या वरच्या बाजूला खाच असलेले वस्तरेही मिळतात. त्या खाचेत बोट टेकवता येते, मात्र कोरण्याच्या कामात तिने फारसा फरक पडल्याचा माझा अनुभव नाही.

माझी पसंती कोपरा किंचित मारलेल्या चौकोनी नाकाला आहे. ‘किंचित’ म्हणजे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. डोळ्यांना नाक चौकोनीच दिसते, पण कोपऱ्यात शिरण्याची ताकद उरत नाही. काही कारागीर वस्तरा तसाच बनवून देतात. नसेल तर बारीक दगडावर पाणी घेऊन कोपरा तिरका टेकवावा आणि अगदी हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढून थांबावे. नंतर तोच कोपरा कापसाच्या बोळ्यावरून फिरवून पाहावा. तंतू अडकून ओढले गेले तर आणखी दोनदा ओढावे, कापूस गुळगुळीत सरकला तर हात आवरता घ्यावा, कारण जास्त घासले तर चौकोनी नाकाचे पैसे देऊन गोल नाक पदरात पडते. ही तजवीज मी अनुभवातून शिकलो. उमेदीच्या काळात एका कल्ल्याची रेघ काढताना माझी सगळी नजर पात्याच्या मधल्या भागावर होती. कोपरा मागे कानाच्या पाळीला लागला आणि तो लागल्याचे मला रक्त दिसल्यावर कळले. धार चांगली असली की जखम झाल्याचे कापणाऱ्याला आणि कापले जाणाऱ्याला, दोघांनाही उशिरा समजते.

आता रुंदी. वस्तऱ्याची रुंदी पाठीपासून धारेपर्यंत मोजतात आणि ती इंचाच्या अष्टमांशांत सांगतात. ४/८ म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर, ५/८ म्हणजे १६, ६/८ म्हणजे १९ आणि तुमच्या मनातला ७/८ म्हणजे २२ मिलिमीटर. पूर्ण दाढीसाठी ५/८ आणि ६/८ सर्वाधिक चालतात. कोरण्यासाठी मी ५/८ च्या वर जाऊ नये असे सांगेन, आणि मिशीचे काम जास्त असेल तर ४/८ सुद्धा आनंदाने घ्यावा. एक साधा प्रयोग करून पाहा. २२ मिलिमीटर रुंदीची जाड कागदाची पट्टी कापा, तिची एक कड आरशात पाहून गालावरच्या रेघेवर टेकवा आणि पट्टी त्वचेपासून थोडी उचलून धरा. रेघेच्या ज्या बाजूला काम करायचे आहे ती बाजू पट्टीआड गेलेली दिसेल. आता तीच पट्टी नाकाखाली, वरच्या ओठावर धरून पाहा; ती तिथे धड वळतही नाही. रुंद पाते देखणे असते हे मान्य आहे, माझ्याकडेही एक ८/८ चा आहे आणि तो मी वर्षातून फार तर दोनदा उघडतो.

रुंदीइतकाच लांबीचाही विचार करावा, तो सहसा कोणी करत नाही. नेहमीच्या वस्तऱ्याची धार साधारण साडेसात सेंटिमीटर लांब असते. गालफडाच्या हाडाखाली जिथे गाल आत जातो, तिथे सरळ धार खोलगट पृष्ठभागावर आडवी पडते, मध्ये टेकत नाही आणि दोन्ही टोकांना टेकते. अशा वेळी माणूस मधले केस निघावेत म्हणून नकळत दाब वाढवतो आणि टोक रुतते. आखूड पात्यात ही अडचण निम्मी होते. आखूड पाते मिळाले नाही तर पाते आडवे न टाकता रेघेशी तिरके धरावे आणि फक्त पुढचा सेंटिमीटर लावावा. दुसऱ्या हाताने गाल वर ताणला की खळगा बराचसा सपाट होतो.

पात्याच्या घडणीबद्दल थोडक्यात. पात्याच्या दोन्ही अंगांना किती पोकळी घासली आहे त्यावरून पूर्ण पोकळ, अर्धे पोकळ आणि पाचरीसारखे भरीव असे प्रकार होतात. पूर्ण पोकळ पाते धारेशी इतके पातळ असते की केस कापताना त्याचा आवाज ऐकू येतो, आणि पुष्कळांना तो आवाजच आवडतो. दाढीच्या काठावरचे केस मात्र दाट आणि लांब असतात. तिथे पातळ धार लवते, आणि धार लवली की रेघ लहरते. अर्धे पोकळ पाते या कामाला बरे. पाते कोणतेही असो, रेघेबाहेरचे लांब केस आधी ट्रिमरने उतरवून घ्यावेत आणि वस्तऱ्यापुढे फक्त खुंट ठेवावेत.

आता ‘खऱ्या’ वस्तऱ्याच्या शंकेकडे येतो. ब्लेड बदलता येणाऱ्या वस्तऱ्याला मी खोटा म्हणत नाही. ते वेगळे हत्यार आहे आणि त्याचे गुणदोष वेगळे आहेत. दुसऱ्यांच्या दाढ्या कोरायच्या असतील तर तोच वापरावा, यात माझ्या मनात किंतु नाही. हेपेटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरू शकतो, आणि वस्तऱ्याने होणारी इजा डोळ्यांना दिसेलच असे नसते. कायम पात्याचा वस्तरा दोन माणसांच्या मध्ये नुसता पुसून किंवा बुडवून खात्रीने निर्जंतुक होत नाही. प्रत्येकाला नवे ब्लेड लावावे, वापरलेले ब्लेड बंद डब्यात टाकावे आणि धारक, म्हणजे ब्लेड बसवण्याचा सांगाडा, तोही प्रत्येक वेळी धुऊन निर्जंतुक करावा.

स्वतःपुरता वापर असेल तर प्रश्न वेगळा होतो. बदलत्या ब्लेडच्या वस्तऱ्यांत ढोबळमानाने दोन जाती आहेत. एकीत दुधारी ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे ब्लेड बसवतात. हे ब्लेड अवघे ०.१ मिलिमीटर जाड, अत्यंत तीक्ष्ण आणि सगळीकडे मिळणारे. पण त्याला स्वतःचे वजन किंवा ताठपणा नाही आणि अनेक धारकांत त्याचे कोपरे उघडे राहतात. धारकाचे तोंड नीट पाहा: ब्लेडचे दोन्ही कोपरे धातूच्या आत झाकले जातात की बाहेर डोकावतात, आणि ब्लेड बसवल्यावर धार धारकाच्या कडेला समांतर राहते की एका बाजूला तिरपी होते? स्वस्त धारकांत हा तिरपेपणा हमखास सापडतो आणि मग एकच कोपरा सगळे काम करतो. दुसऱ्या जातीत खास बनवलेले, जाड आणि लांब ब्लेड असते. फेदर या जपानी कंपनीचे आर्टिस्ट क्लब हे त्यातले प्रसिद्ध नाव. त्याचा ताठपणा कायम पात्याच्या बराच जवळ जातो, त्याच्या सौम्य आणि तीक्ष्ण अशा वेगवेगळ्या आवृत्त्या मिळतात, आणि धारेपुढे बारीक तार असलेले ब्लेडही मिळते. मात्र ती तार त्वचेचे रक्षण करताना रेघेची नेमकी जागाही झाकते, म्हणून कोरण्यासाठी ते ब्लेड मी घेत नाही.

कायम पात्याची धार हाताला अधिक सांगते. केस कापला जातो आहे की ओढला जातो आहे, हे पात्यातून बोटांना कळते. अर्ध्या ब्लेडमध्ये हे कळेपर्यंत रेघ हललेली असते. पण कायम पाते घेणे म्हणजे त्याची निगा पत्करणे. प्रत्येक वापराआधी ते पट्ट्यावर परजावे लागते: कापडी बाजूवर वीस-तीस फेरे, चामड्यावर चाळीस-पन्नास. पाठ नेहमी पुढे असावी, वळवताना पाते पाठीवरूनच उलटावे, आणि पट्टा ढिला सोडू नये, कारण ढिल्या पट्ट्यावर धार गोल होते. कोरणाऱ्याला यात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. त्याच्या पात्याचा पुढचा सेंटिमीटरच झिजत असल्यामुळे टाचेकडची धार नवीकोरी आणि नाकाकडची बोथट, अशी विषम स्थिती येते. परजताना नाकाकडचा भाग पट्ट्यावर पूर्ण टेकतो ना, हे पाहावे; तरीही धार ओढू लागली की दगडावर घ्यावे. तेव्हा केवळ नाकच घासण्याचा मोह टाळावा, नाहीतर काही वर्षांत पाते पुढून निमुळते होते. संपूर्ण धार एकसारखी घासावी, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवूनच घासावी. धार ठीकठाक असेल तर ८००० आणि १२००० क्रमांकांचे दगड पुरतात (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक). १००० चा दगड फक्त मोडलेली धार नव्याने बसवण्यासाठी असतो.

हे सगळे आठवड्यातून दोनदा रेघ काढण्यासाठी जास्त वाटत असेल तर ते खरोखरच जास्त आहे, आणि तसे कबूल करण्यात कमीपणा नाही. पट्टा आणि दगड हाताळण्याची आवड असेल त्यानेच कायम पाते घ्यावे. तुमच्या पत्रावरून तुम्हाला ती आवड आहे की फक्त वस्तऱ्याच्या रूपाची ओढ आहे, हे मला ठरवता आले नाही. ते तुम्ही ठरवा.

पोलादाबद्दल वाद पुष्कळ होतात, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने मामला साधा आहे. कार्बन पोलादाला दगडावर धार लवकर येते आणि ते लवकर गंजते. स्टेनलेसला धार यायला वेळ लागतो आणि ते ओल सहन करते. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअरली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले, तरी वस्तऱ्याच्या जगात कार्बन पोलाद आजही मागे पडलेले नाही. न्हाणीघरातच वस्तरा ठेवणार असाल तर स्टेनलेस घ्या. कार्बनचा घेतलात तर वापरानंतर पाते आणि विशेषतः पाते आणि मूठ जोडणाऱ्या खिळ्याजवळची फट कोरडी करा, तेलाचा हात फिरवा आणि वस्तरा दमट जागी मिटून ठेवू नका. मुठीसाठी शिंग, लाकूड, प्लास्टिक काहीही चालते. सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या मुठीपासून मात्र सावध राहा, कारण ते कुजू लागले की त्यातून निघणारी आम्लधर्मी वाफ मिटलेल्या पात्याला आतून गंजवते.

खरेदीच्या वेळी शिक्क्यावर भिस्त ठेवू नये. झोलिंगन या जर्मन शहराचे नाव १९३८ पासून कायद्याने संरक्षित आहे आणि तिथला माल विश्वासाचा मानला जातो; पण शिक्का खरा असला तरी त्याच्या जुन्या, वापरलेल्या वस्तऱ्याची धार मधून खोल गेलेली असू शकते. पाते सपाट काचेवर आडवे ठेवा, मूठ काचेबाहेर राहू द्या. पाठ आणि धार दोन्ही सलग टेकल्या पाहिजेत. एका टोकाला दाबल्यावर दुसरे उचलले गेले तर पाते वाकडे आहे आणि ते परत करावे. धारेची रेषा अगदी सरळ किंवा मध्ये किंचित बाहेर फुगलेली चालेल, आत गेलेली चालणार नाही. धारेलगत गंजाचे खड्डे असतील तर घासताना तिथे धार दात्यांसारखी तुटत राहते. वस्तरा मिटल्यावर धार मुठीच्या मधोमध बसावी, कोणत्याही अंगाला घासू नये. उघडल्यावर मूठ सैल लोंबकळत असेल तर खिळा ढिला आहे, आणि कोरताना बोटांच्या पकडीत हलणारी मूठ फार घातक. लाटालाटांची नक्षी असलेले दमास्कस म्हणून विकले जाणारे स्वस्त वस्तरे मी दोन-तीनदा घासून पाहिले. त्यांची पाठ आणि धार यांचे मापच जुळत नव्हते, त्यामुळे दगडावर तासभर घालवूनही धार बसली नाही. तुम्ही डावखुरे असाल तर जपानी घडणीचे पारंपरिक, दोन्ही अंगे वेगळी असलेले पाते घेऊ नका. दुमडणारा नेहमीचा वस्तरा दोन्ही हातांना सारखाच चालतो.

तेव्हा तुमच्यासाठी माझे मत असे: ७/८ चा विचार सोडा. पहिले सहा महिने बदलत्या ब्लेडचा, कोपरे झाकणारा धारक घ्या आणि दाट फेसाऐवजी पारदर्शक जेल लावा, म्हणजे रेघ दिसत राहील. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांत धरा, रेघेवर टेकवा आणि दाढीपासून दूर, सेंटिमीटरभराच्या आखूड ओढीने न्या. दाढीच्या दिशेने ओढ घेतली की रेघ दर वेळी थोडी आत खाल्ली जाते आणि महिन्याभरात गालावरची दाढी बोटभर खाली आलेली दिसते. गालावर ही दूर जाणारी ओढ केसांच्या उलट पडते, पण तिथले केस विरळ असल्याने ते खपते. हात बसल्यावर रस असेल तर ५/८ चा, अर्धा पोकळ, कोपरा मारलेल्या चौकोनी नाकाचा वस्तरा घ्या.

गळ्याचे मात्र वेगळे आहे. कुरळा केस त्वचेच्या पातळीवर किंवा ताणलेल्या त्वचेत आणखी खाली कापला गेला, की त्याचे तिरके, अणकुचीदार टोक वाढताना वळून त्वचेतच शिरते आणि तुम्हाला आल्या तशा पुटकुळ्या येतात. वस्तरा जितका चांगला तितका हा त्रास अधिक, कारण तो अधिक जवळून कापतो. त्यामुळे गळ्यावर, कंठमण्याच्या दोन बोटे वर जी रेघ येते, तेवढ्या रेघेलाच वस्तरा लावा: त्वचा न ताणता, केसांच्या दिशेने, एकदाच. तिच्या खालचा सगळा भाग तुम्ही आज वापरता त्या ट्रिमरवरच सोडा आणि तिथे राहणारा अर्ध्या मिलिमीटरचा खुंट तसाच राहू द्या. पुटकुळ्या आत्ता असतील तर त्या पूर्ण बसेपर्यंत रेघेलाही पाते लावू नका.